सेटल

मंडळी, एक साधा प्रश्न. "मुलगा सेटल झाला का?" यातल्या 'सेटल'ला नेमका मराठी शब्द कोणता?

'स्थिरावला' म्हणावं, तर चांगली नोकरी असूनही पोरगा भाड्याच्या घरात राहत असेल तर आमच्या आत्याच्या लेखी तो अजून सेटल नाही. 'मार्गी लागला' हे बरंचसं जवळ जातं, पण त्यात फ्लॅट येत नाही :-) आणि परदेशातल्या भाचेमंडळींचं वेगळंच. तिथे घर, गाडी, मुलांच्या शाळा सगळं होऊनही ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत "अजून सेटल व्हायचंय" चालूच असतं. शेवटी लग्नाच्या जाहिरातीवाल्यांनी शहाणपणा केला आणि 'वेल सेटल्ड' असं सरळ देवनागरीत लिहून टाकलं. आता तो शब्द मराठीच झालाय.

इंग्रजी क्रियापदं तशी चावटच. गेट, टेक, सेट, रन... एकेकाचे अर्थ मोजायला बसावं तर दिवस पुरत नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात वर्षानुवर्षं 'सेट'चा पहिला नंबर होता, अलीकडे म्हणे 'रन' पुढे गेलंय. त्या मानाने 'सेटल' लहान गडी. पण माझा जीव याच्यावर जडलाय. कारण एका खेड्याचा दोनशे वर्षांचा इतिहास या एका क्रियापदावरून सांगता येतो असं मला वाटतं. ते खेडं म्हणजे तळेघर.

आधी अर्थ बघू. धूळ सेटल होते, म्हणजे खाली बसते. बिल सेटल करतात, म्हणजे चुकतं करतात. भांडण सेटल होतं, म्हणजे मिटतं. नव्या इमारतीचा पाया सेटल झाला असं इंजिनियर म्हणाला तर घाबरायचं, कारण तो खचलाय. माणसं परमुलखात सेटल होतात, म्हणजे वसतात. सरकार जमिनीचा सारा सेटल करतं, म्हणजे ठरवून टाकतं. आणि जिंकलेला मुलूख सेटल करतं, म्हणजे बंदोबस्त करतं. या सगळ्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला एक शब्द आहे, त्याचा अर्थ बसायची जागा. उंच पाठीच्या लाकडी बाकाला इंग्रजीत अजूनही 'सेटल'च म्हणतात.

म्हणजे मूळ अर्थ बसणं! आणि एकदा हे लक्षात आलं की मराठी आपल्या मदतीला धावून येते. गाळ बसतो. गाव बसतं. सारा बसतो. घडी बसते, जम बसतो, बस्तान बसतं. (दंडही बसतो आणि धक्काही बसतो, ते पुढे येईलच.) हिशेब जुळला नाही तर आपण "हिशेब बसत नाही" म्हणतो. इंग्रजीतल्या त्या बाकाचं सगळं खानदान आपल्या एका 'बसणे'त मावतं.

फरक एकच आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत माणूस स्वतः सेटल होतो आणि दुसऱ्या कुणी त्याला सेटल करतो, दोन्हीला शब्द तोच. मराठीत मात्र मध्ये एक 'व' येतो. बसणे आणि बसवणे. वसणे आणि वसवणे. कोण बसलं आणि कुणी बसवलं हे मराठीत लपवता येत नाही.

वडील तलाठी होते आणि बदली होऊन आम्ही काही वर्षं त्या भागात काढली, म्हणून तळेघर माझ्या ओळखीचं. मंचरहून घोडेगाव, शिनोली, डिंभे करत भीमाशंकरकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. पाऊस असा की चार महिने कपडे वाळत नाहीत. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई, जंगलात हिरडा. वडिलांना सगळे 'भाऊसाहेब' म्हणत आणि त्यांच्या दप्तरातल्या शब्दांवर मी वाढलो: सातबारा, फेरफार, वरकस, पोटखराबा.

त्या दप्तराच्या सगळ्यात वरच्या साहेबाची कचेरी पुण्यात. मराठीत 'जमाबंदी आयुक्त', इंग्रजीत 'सेटलमेंट कमिशनर'. (जमाबंदी म्हणजे जमावबंदी नव्हे! दंगलीच्या दिवसांत ही पाटी वाचून दचकणारे लोक मी पाहिलेत.) जमाबंदी म्हणजे सरकारात जमा काय व्हायचं ते बांधून देणं. हा शब्द आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून आहे. पण इंग्रजांनी त्यावर 'सेटलमेंट'ची टोपी चढवली आणि त्या टोपीखाली बरंच काही घातलं.

१८१८ साली पेशवाई बुडाली. जिंकलेल्या मुलखाची 'सेटलमेंट' एल्फिन्स्टनकडे सोपवली गेली. त्याचा १८१९ चा अहवाल प्रसिद्ध आहे. इथे सेटल म्हणजे मुलूख शांत करणं, कोण कुठला वतनदार ते ठरवणं आणि वसुली पुन्हा चालू करणं, तिन्ही एकदम. त्याआधी बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने १७९३ साली 'परमनंट सेटलमेंट' करून ठेवली होती, तिला आपण शाळेत 'कायमधारा' म्हणून पाठ केलं. (अमेरिकेतल्या भाच्यांनो, परमनंट सेटल होण्याची हौस जुनी आहे बरं का!) आपल्याकडे जमीनदार नाही तर थेट रयतेशी व्यवहार ठरला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या साहेबाने दख्खनच्या जमिनीची मोजणी केली, खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवला. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात मोजणीत घोळ, खालच्या नोकरांची लाचखोरी, आणि सारा इतका की लोक शेतं टाकून निघून गेले. म्हणजे सेटलमेंट झाली आणि माणसं उठली!

मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ पासून इंदापूरला नव्याने सुरुवात केली. जमिनीचा रंग, खोली पाहून आण्यांत प्रत ठरवायची, शेतावर सारा बसवायचा आणि तीस वर्षं तो बदलायचा नाही. ही पद्धत चालली. १८४७ च्या अहवालात ती पक्की झाली आणि इलाखाभर पसरली. खरं सांगायचं तर त्यात काही गोष्टी चांगल्याच होत्या. सारा आधीपेक्षा हलका झाला, मिरासदार आणि उपरी हा भेद पुसट झाला, आणि खातेदाराचं नाव कागदावर आलं.

गोम याच शेवटच्या गोष्टीत आहे. कागदावर नाव आलं म्हणजे जमीन वारसाने देता येते, विकता येते, आणि गहाणही टाकता येते. सारा रोख भरायचा. डोंगरातल्या माणसाकडे भात असतं, नाचणी असते, हिरडा असतो, रोकड कुठे असते? रोकड वाण्याकडे. शिवाय डोंगरउताराची वरकस जमीन दोन-तीन वर्षं पिकवायची आणि मग काही वर्षं पडीक सोडायची, शेजारचा तुकडा धरायचा, ही तिकडची रीत. शेत दर काही वर्षांनी जागा बदलतं. नकाशाला हे पटत नाही. नकाशात शेत एकदा बसलं की बसलं.

आणि मग आला सेटलचा दुसरा अर्थ, हिशेब चुकता करणं. कर्ज रोख्यावर, अंगठा खाली, व्याज धान्यात, वजनमाप सावकाराचं. कोर्ट कागद बघणार, आणि कागद सावकाराच्या पेटीत. हिशेब कधी बसायचाच नाही.

कोळ्यांनी तो आपल्या पद्धतीने बसवायचा प्रयत्न केला. अकोल्याकडच्या देवगावचा राघोजी भांगरे सावकारांवर उठला, पंढरपुरात पकडला गेला आणि १८४८ च्या मे महिन्यात ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. त्याचं नाव आता पुष्कळांना माहीत आहे. पण आमच्या तालुक्याचा माणूस म्हणजे जांभोरीचा होनाजी केंगले, सरकारी कागदातला 'होन्या'. १८७३ ते १८७६ या काळात त्याने पुणे, नगर, ठाणे जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यात सावकारांना सळो की पळो करून सोडलं. सावकाराचं नाक कापायचं आणि कागद जाळायचे. नाक कापण्याचं समर्थन मी करणार नाही, पण कागद का जाळायचे हे तलाठ्याच्या मुलाला समजतं. १८७६ साली मेजर डॅनियलच्या हाती तो सापडला आणि इंग्रजांच्या भाषेत तो मुलूख पुन्हा 'सेटल' झाला.

त्याच सुमारास, मे १८७५ मध्ये, सपाटीवरच्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. तिथेही मुख्यतः रोखे आणि खतं हाच रोख (शब्दखेळ आपोआप झाला, माफी असावी). इंदापूरकडे १८६७ पासून तीस वर्षांची मुदत संपून फेरजमाबंदी सुरू झाली होती आणि सारा बराच वाढला होता, त्याचाही यात हात. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खन शेतकरी मदत कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी. त्यात न्यायाधीशाला रोख्यामागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासायची मुभा मिळाली, आणि दाव्याआधी समेट घडवायला मध्यस्थ नेमले गेले. सेटलचा हा तिसरा अर्थ, मिटवणे. मला या सगळ्या यादीतला हाच अर्थ सगळ्यात माणुसकीचा वाटतो, कारण त्याला दोन पक्ष लागतात. आता आपण "सेटलमेंट केली" म्हणतो तेव्हा टेबलाखालचा व्यवहार डोळ्यांसमोर येतो, ही त्या शब्दाची अधोगती. असो.

१८७८ साली जंगलाचा कायदा आला, आणि तळेघरसारख्या गावांना शेतसाऱ्यापेक्षा हा जास्त झोंबला असणार. कारण तिथे शेत थोडं आणि रान फार. राब भाजायला पाला-फांद्या रानातून, वरई रानाच्या कडेला, हिरडा रानात. या कायद्यात एक अधिकारी आहे, त्याचं नाव फॉरेस्ट सेटलमेंट ऑफिसर. त्याचं काम जंगल वसवणं नाही आणि जंगलात कुणाला वसवणंही नाही. जंगल 'राखीव' करण्याआधी तिथे कुणाचे काय हक्क आहेत ते निकाली काढायचं! जाहीरनामा काढायचा, दावे मागवायचे, कमीत कमी तीन महिन्यांची मुदत द्यायची. मुदतीत ज्याने हक्क सांगितला नाही त्याचा हक्क नाहीसा. १९२७ च्या वन कायद्यातही हीच रीत राहिली. आता पावसाळ्यात जगापासून तुटणाऱ्या वाडीवरच्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाने दावा करायला तीन महिन्यांत कुठल्या कचेरीत जायचं, ते मला सांगा. इथे 'सेटल' म्हणजे मिटवणे खरं, पण पाटीवरचं अक्षर मिटवतात तसं.

पुढे २००६ साली वनहक्क कायदा झाला. पूर्वीच्या व्यवस्थेत वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला असं त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय. या कायद्याच्या नावात 'सेटलमेंट' नाही, हक्कांची 'मान्यता' आहे. शब्द बदलायला सव्वाशे वर्षं लागली. मधल्या काळात, १९८५ साली, भीमाशंकरचं अभयारण्य झालं होतं, शेकरू राज्यप्राणी म्हणून पोस्टरवर आली होती, आणि अभयारण्यासाठीही हक्क 'सेटल' करण्याची तशीच चौकशी कायद्यात लिहिलेली आहे.

थोडं विषयांतर होईल, पण सोलापूरकर नातेवाईक हे वाचणार म्हणून सांगतो. तुमच्याकडे 'सेटलमेंट' हे एका वस्तीचं नावच आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी अशा फिरत्या जमातींना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं, हजेरी लावली, बाहेर जायला पास केला आणि त्यांना गिरण्यांत कामाला लावलं. अंदमानच्या काळ्या पाण्यालाही इंग्रजीत 'पीनल सेटलमेंट'च म्हणत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. माणसाला काटेरी तारेत बसवणं आणि वेल सेटल्ड मुलगा, दोन्हीला एकच क्रियापद! कोशात हे अर्थ एकाखाली एक शांतपणे बसलेले असतात.

आता माझ्या आठवणीतल्या काळाकडे येतो. घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं. कुकडी प्रकल्पातलं हे मोठं धरण, साठा सुमारे साडेतेरा टीएमसी. त्याचं पाणी खाली शिरूर, पारनेर, श्रीगोंद्यापर्यंतच्या शेतांना पोचतं, तिकडचा ऊस आणि कांदा त्यावर उभा आहे. जलाशयाला 'हुतात्मा बाबू गेनू सागर' असं नाव दिलंय. बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा, १९३० साली मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवा पडून गेला. नाव योग्यच आहे. पण त्या पाण्याखाली जी गावं गेली त्यांत खुद्द आंबेगावही आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते गावच जागेवर नाही. तालुका आंबेगाव, कचेऱ्या घोडेगावला, आणि आंबेगाव पाण्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या भिंती, जोती वर येतात.

धरणग्रस्तांसाठी महाराष्ट्राने १९७६ साली कायदा केला. इंग्रजी नावात शब्द होता 'रिसेटलमेंट', पुन्हा सेटल करणं. १९८६ च्या कायद्यात तो जाऊन 'रिहॅबिलिटेशन' आला. मराठीत दोन्ही वेळा 'पुनर्वसन'च. छान शब्द आहे, वसणे त्यात आहे. फक्त 'व' दिसत नाही. पुनर्वसन झालं की केलं, कुणी केलं, कुणाचं राहिलं, हे त्या नामात मुरून जातं. संस्कृत नामांचा हा एक फायदा (किंवा तोटा) आहेच.

पुष्कळ घरं खाली लाभक्षेत्रात गेलीच नाहीत. काहींना जमीन मिळाली नाही, काहींना रान सोडवलं नाही. पाणी चढलं तशी ती डोंगरावर चढली. बऱ्याच वर्षांनी मी तिकडे गेलो होतो तेव्हा वडिलांच्या ओळखीच्या एका आजोबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठं बसवलं मग सरकारनं?" ते म्हणाले, "आमाला कुनी बसवलं न्हाय. पानी वर आलं, आमी वर सरकलो, आन् बसलो." तलाठ्याच्या पोराला व्याकरण शिकवलं त्यांनी. हा सगळा लेख म्हटलं तर त्या एका वाक्याची टीप आहे.

वर बसल्यावर खायचं काय? त्यांनी पडकई केली. पडकई म्हणजे एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबून उतारावर दगडाचे बांध घालायचे आणि भाताची खाचरं काढायची. पैसा नाही, पैरा. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांची 'शाश्वत' संस्था या लोकांबरोबर वर्षानुवर्षं राहिली, पडकई रोजगार हमीत बसवण्यासाठी झगडली (पुन्हा बसवणे! पण हा बरा), जलाशयातल्या मासेमारीचा हक्क स्थानिकांना मिळावा म्हणून लढली. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक 'शाश्वत'ला मिळालं. पुण्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

इंजिनियरांचा अर्थ राहिला, खचणे. तो लिहायचा नव्हता, पण टाळता येत नाही. ३० जुलै २०१४ ची सकाळ, माळीण. तळेघरच्याच पट्ट्यातलं, जलाशयाच्या वरच्या अंगाचं गाव. डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. एसटीच्या चालकाला रोजच्या जागी गाव दिसेना, म्हणून बाहेरच्या जगाला कळलं. उरलेल्यांसाठी आमडे इथे नवं गाव बांधलं, एप्रिल २०१७ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घरं ताब्यात दिली. आणि त्याच जूनच्या पहिल्या पावसात नव्या गावठाणातला भराव खचल्याच्या, रस्ते फुटल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या माणसांनी ती पहिली रात्र कशी काढली असेल याची कल्पना करवत नाही. भराव मुरायला, दबून बसायला वेळ द्यावा लागतो. इंजिनियरांच्या पुस्तकात या बसण्यालाही सेटलमेंटच म्हणतात.

आणि एक शेवटचा अर्थ, गाळ बसणे. डिंभ्याचं पाणी दिवाळीनंतर कालव्यांतून खाली जायला लागतं आणि जलाशय आकसतो. उघड्या पडलेल्या काठावर वर्षभराचा गाळ बसलेला असतो, ओलसर, काळा. वर सरकलेली माणसं खाली उतरतात आणि त्यात पेरतात. याला गाळपेर म्हणतात. पुष्कळदा ती आपल्याच बुडालेल्या वावरात पेरत असतात, बांध गेलेले असले तरी जागा ओळखू येते. जमीन कागदोपत्री आता पाटबंधारे खात्याची, म्हणून गाळपेरीला परवानगी लागते, आणि तीही त्या हंगामापुरतीच. किती काठ उघडा पडणार आणि कधी, हे खाली श्रीगोंद्याकडचं आवर्तन केव्हा सुटतं त्यावर अवलंबून. जूनमध्ये पाऊस लागला की पाणी परत चढतं. त्याच्या आत पीक काढून घ्यायचं.